कोशर लाल वाइन: गोड जांभळी बाटली आणि काप्सानेसची गार्नाचा

प्रश्न असा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या एका मराठी जोडप्याला शेजारच्या धर्म पाळणाऱ्या ज्यू कुटुंबानं शुक्रवारी रात्री जेवायला बोलावलंय. रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून लाल वाइन न्यायची आहे आणि ती कोशरच, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारीच, हवी. दुकानात एका फळीवर गोड, जांभळ्या, स्वस्त बाटल्या आहेत, तर बाजूला स्पेन-इस्रायलच्या, तिप्पट-चौपट किमतीच्या. काहींवर ‘मेवुशाल’ लिहिलंय, काहींवर नाही. चवीत फरक काय, पैसे नेमके कशाचे, आणि कोणती घ्यावी?

पहिली गोष्ट म्हणजे ‘कोशर’ ही चव नाही. बाकीच्या खाण्यात पदार्थ काय आहे यावर कोशर ठरतं: डुक्कर चालत नाही, मांस आणि दूध एकत्र चालत नाही, वगैरे. द्राक्षाला असली कसलीच हरकत नाही. वाइन कोशर ठरते ती हातांवरून. घड वेलीवर असेपर्यंत, तोडून क्रेटमध्ये भरेपर्यंत कोणीही हात लावला तरी चालतो. दाणा फुटून रस सुटला की तिथून पुढे, बाटलीला बूच लागेपर्यंत, तो रस फक्त शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, कामाला सुट्टी) पाळणाऱ्या ज्यू माणसानंच हाताळायचा. पाइप त्यानंच जोडायचा, पंपाचं बटण त्यानंच दाबायचं. मूळ कारण पुरातन आहे: दुसऱ्यांच्या देवांपुढे वाइन ओतली जाई, तसली वाइन नको. पुढे त्यात सामाजिक अंतर राखण्याचा हेतूही मिसळला. ज्यांनी आजीच्या घरी सोवळ्यातला स्वयंपाक पाहिलाय त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. फक्त ही तुलना फार ताणू नये. इथे आंघोळ-धाबळीचा प्रश्न नसतो, माणूस शब्बाथ पाळतो की नाही एवढंच पाहतात.

मग कोशर म्हटलं की गोड काकवीसारखी वाइन डोळ्यांपुढे का येते? त्याचं उत्तर धर्मात नाही, अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या हवेत आहे. युरोपातून न्यूयॉर्कला आलेल्या ज्यू लोकांना शब्बाथला आणि पेसाख या वसंतातल्या सणाला वाइन लागे. त्या थंडीत सहज टिकणारं द्राक्ष म्हणजे काँकॉर्ड. मॅसॅच्युसेट्समधल्या काँकॉर्ड गावात एफ्रिअम बुल यांनी १८४९ च्या सुमारास तयार केलेली ही जात. ती आपल्या नेहमीच्या वाइनच्या द्राक्षांच्या कुळातली नाही, अमेरिकेच्या रानटी लाब्रुस्का कुळातली आहे. तिच्यात मिथाइल अँथ्रॅनिलेट नावाचं द्रव्य असतं. द्राक्षाच्या गोळीला किंवा बबलगमला जो वास येतो, तोच हा. शिवाय साखर कमी आणि आंबटपणा जास्त. रस तसाच आंबवला तर पातळ आणि झोंबणारी वाइन होते, म्हणून साखर घालायची. मॅनिशेविट्झसारख्या गोड कोशर ब्रँडच्या बाटल्यांची चव अशी घडली आणि पिढ्यानपिढ्या सणाशी जोडली गेली. या बाटलीला मी वाईट म्हणणार नाही. तिचं काम जेवणासोबत पिण्याचं नाही, किद्दुशचं, म्हणजे जेवणाआधी वाइनच्या पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेचं आहे. ते पुढे येईलच.

आता दुसऱ्या फळीकडे. तिथल्या सगळ्याच बाटल्यांबद्दल एकदम बोलण्यापेक्षा एकच धरून बोलतो. कातालोनियात काप्सानेस नावाचं छोटं गाव आहे. प्रिओरात या नावाजलेल्या वाइन प्रदेशाला घोड्याच्या नालासारखा वेढा घालून बसलेल्या मोन्सांत भागात ते येतं. (मोन्सांतला स्वतःचा अधिकृत दर्जा २००१ मध्ये मिळाला, त्याआधी तो तारागोनाचाच एक तुकडा होता.) तिथल्या शेतकऱ्यांची सहकारी वायनरी १९३३ ची. सहकाराचं गणित महाराष्ट्राला सांगायला नको: सभासदांची द्राक्षं गोळा करायची, मोठाल्या टाक्यांत एकत्र आंबवायची आणि टँकरनं घाऊक विकायची. १९९५ मध्ये बार्सिलोनाच्या ज्यू समाजानं त्यांना कोशर वाइन करून द्याल का, असं विचारलं. त्यासाठी वेगळ्या, लहान, स्टीलच्या टाक्या लागणार होत्या, कारण कोशर रस साध्या वाइनपासून वेगळा ठेवावा लागतो. टाक्या आल्या. टाक्या लहान झाल्यामुळे कुठल्या उतारावरचा माल कसा लागतो हे पहिल्यांदाच वेगवेगळं चाखता येऊ लागलं. जुन्या वेलींची चांगली द्राक्षं बाकीच्यांत बुडून जाईनात. घाऊक विकणारी ही सोसायटी पुढे स्वतःच्या बाटल्यांसाठी ओळखली गेली, त्याची सुरुवात या कोशर टाक्यांपासून धरतात. नियम चवीसाठी केले नव्हते, पण त्यांनी चव सुधारली.

त्या वाइनचं नाव लेबलवर स्पॅनिश धाटणीनं लिहिलेलं असतं आणि वाचताना गडबड होते. त्यातल्या ‘जे’ या रोमन अक्षराचा उच्चार ‘ख’ करायचा: पेराख हाआबिब. हिब्रूत अर्थ वसंताचं फूल, आणि शेजारी तेच स्पॅनिशमध्ये लिहिलेलं असतं, फ्लोर दे प्रिमावेरा.

ग्लासात काय आहे? तीन जातींचं मिश्रण: गार्नाचा, करिन्येना आणि काबेर्ने सोव्हिन्यों. प्रमाण वर्षागणिक बदलतं. गार्नाचा उष्ण हवेतली, पातळ सालीची. साखर भरपूर धरते, रंग मात्र फिका. तिच्यातून पिकलेल्या लाल फळांचा गोडसर वास, लवंग-मिरीची हलकी छटा आणि १४.५-१५ टक्क्यांपर्यंत जाणारा अल्कोहोल येतो. तिचा दोष म्हणजे हवेला ती फार लवकर बळी पडते, लाल रंग विटकरी होतो आणि फळ विझतं. करिन्येना नेमकी उलट: उशिरा पिकणारी, आंबटपणा आणि तुरटपणा देणारं टॅनिन भरपूर, रंग गडद. नाशिककडचे बागायतदार तिला चटकन ओळखतील, कारण भुरी तिच्यावर इतर जातींच्या आधी येते. जवान वेलींना वारेमाप फळ लागतं आणि वाइन पाणचट होते, म्हणून तिथे जुन्या, थोडंच फळ देणाऱ्या वेलींना किंमत. काबेर्ने कणा देते. एकत्र चाखलं तर आधी काळी चेरी आणि आलुबुखार, मग ज्येष्ठमध, वाळलेल्या रानपाल्याचा वास, आणि फ्रेंच ओकच्या पिंपात सुमारे वर्षभर राहिल्यामुळे आलेली भाजल्यासारखी, व्हॅनिलाजवळची छटा. शेवटी जिभेच्या कडांना पकडणारा, करवंदाची साल चावल्यावर येतो तसला तुरटपणा. साखर जवळजवळ नाही. गोड वाटते ती फळामुळे आणि अल्कोहोलमुळे.

तर पैसे कशाचे, या प्रश्नाला आता हात घालता येईल. बरंचसं उत्तर तळघरात सापडतं.

टाकी आधी साध्या वाइनला वापरलेली असेल तर तिला पाणी पाजावं लागतं. काठोकाठ भरायची, २४ तास ठेवायची, रिकामी करायची. असं लागोपाठ ३ वेळा. सुगीच्या ऐन गर्दीत १ टाकी ३ दिवस अडकते. पिंपं शक्यतो नवीच घेतात, पण त्यातही एक मेख आहे. पिंपाचं झाकण खाचेत बसवताना कारागीर परंपरेनं पीठ आणि पाण्याची खळ लावतात. पीठ गव्हाचं असेल तर पेसाखला ती वाइन अडते, कारण त्या ८ दिवसांत (इस्रायलमध्ये ७) आंबलेलं धान्य घरातसुद्धा चालत नाही. म्हणून पिंपं मागवतानाच खळीची चौकशी करावी लागते. बोटाच्या पेराएवढ्या खाचेतला हा चिकट लगदा, पण त्यापायी अख्खी खेप नाकारली जाऊ शकते.

क्रेट उलटण्यापासूनच देखरेख सुरू होते. तळाशी दबलेले दाणे फुटून रस साचलेला असतो, म्हणून हॉपरमध्ये क्रेट रिकामं करणारा आणि क्रशरचं बटण दाबणारा माणूस नियमातलाच हवा. मुख्य वाइनमेकर ज्यू नसेल, किंवा ज्यू असून शब्बाथ पाळत नसेल, तर तो तोंडी सूचना देतो. नळ उघडत नाही, पाइप हातात घेत नाही. नमुना देखरेख करणारा, म्हणजे माश्गियाख, काढून देतो. वाइनमेकर हुंगतो, चाखतो, आणि उरलेलं परत टाकीत ओतत नाही. माश्गियाख घरी जाताना प्रत्येक झाकणावर, प्रत्येक नळावर सही केलेली चिकटपट्टी लावतो. सकाळी एका नळाची पट्टी फाटलेली दिसली तर ती टाकी कोशर म्हणून विकता येणं मुश्कील. वाइनमध्ये तसूभर फरक पडलेला नसतो, तरीही ती साधी वाइन म्हणून जाते.

खरी कसोटी कॅलेंडरची आहे. उत्तर गोलार्धात द्राक्षं उतरतात सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि रोश हाशाना, योम किप्पुर, सुक्कोथ हे सणही त्याच दिवसांत. सणाला आणि शब्बाथला काम बंद. २०२४ चं उदाहरण घ्या. रोश हाशाना ३ आणि ४ ऑक्टोबर, गुरुवार-शुक्रवार, आणि लगेच शनिवार. बुधवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, सलग ७२ तास टाकीला हात नाही. इस्रायलबाहेर सणाचे २ दिवस पाळतात, त्यामुळे सुक्कोथच्या सुरुवातीला आणि शेवटीही तसेच ३-३ दिवस गेले.

लाल वाइनला हे का सोसत नाही ते सांगतो. आंबताना साली वायूबरोबर वर येऊन जाड थर होतो. लाल वाइनचा रंग आणि टॅनिन त्या थरात, म्हणून खालचा रस पंपानं वर फिरवून तो दिवसातून २-३ वेळा भिजवायचा असतो. हा थर खालच्या रसापेक्षा ५-६ अंश जास्त तापतो. ३ दिवस तसाच राहिला तर वरून सुकतो, त्यात अल्कोहोल आणि हवा दोन्ही मिळालेल्या अ‍ॅसिटिक जिवाणूंचं फावतं आणि व्हिनेगर व्हायला लागतं. पहिली खूण व्हिनेगरच्या चवीआधी वासात येते, नेलपॉलिश काढायच्या द्रावासारखी. ती इथिल अ‍ॅसिटेटची. दुसरीकडे टाकीचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं तर यीस्ट मरतं, साखर अर्धवट उरते आणि आंबणं पुन्हा सुरू करणं म्हणजे डोकेदुखी.

उपाय आहेत, पण सगळे सणाच्या आधी करायचे. आंबणं सुरूच झालं नसेल तर चेचलेली द्राक्षं ८-१० अंशांवर गार करून, वर कोरड्या बर्फाचा थर देऊन थोपवून धरायची. रंगालाही ते बरं. आंबणं ऐन भरात असेल तर त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइडच थराला हवेपासून राखतो. तेव्हा टाकी २४-२५ अंशांपर्यंत उतरवून वेग कमी ठेवायचा. सगळ्यात धोक्याची वेळ आंबण्याच्या शेवटाची, जेव्हा वायू ओसरलेला असतो. त्या टाक्या सणाआधीच दाबून सालीवरून काढाव्यात, अर्धवट भरून ठेवू नयेत. बऱ्याच वायनऱ्यांत आता टायमरवर चालणारे पंप असतात, आधी लावून ठेवले की सणातही चालतात. फक्त पंपाच्या तोंडावरच्या जाळीत बिया अडकतात. जाळी तुंबली की पंप कोरडा फिरतो आणि ती काढून धुवायला कोणी येऊ शकत नाही, म्हणून सण लागण्याआधी, त्या दुपारचं शेवटचं काम जाळी साफ करणं. कितीही महागडी यंत्रणा असली तरी हे चुकत नाही.

पिंपातल्या वाइनलाही माणूस लागतोच. २२५ लिटरच्या पिंपातून लाकडावाटे वाइन उडत राहते आणि दर २-४ आठवड्यांनी वर भर घालावी लागते. नियमातला माणूस आठवड्यातून एकदाच येत असेल आणि शेकडो पिंपं असतील, तर काही मागे पडतात, वर पोकळी राहते आणि पुन्हा तोच अ‍ॅसिटिकचा धोका. स्वस्त कोशर लाल वाइनमध्ये शिळसर, अक्रोडासारखा वास सापडला तर कारण धर्म नव्हे, मनुष्यबळ. प्रमाणपत्राची फी, माश्गियाखचा पगार, अडकलेल्या टाक्या, लहान खेप: किमतीतला फरक इथून येतो.

वाइन नितळ करायला वापरतात त्या पदार्थांतही निवड आहे. जिलेटीन आणि स्टर्जन माशाच्या फुग्यापासूनचं आयसिंग्लास बहुतेक टाळतात. दुधातलं केसीन वापरलं तर मांसाच्या जेवणाला अडचण. लाल वाइनचा तुरटपणा उतरवायला अंड्याचा पांढरा बलक चालतो, पिंपामागे साधारण ३ ते ६ अंडी. पण प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना, हे पाहूनच. बेंटोनाइट माती कोणालाच अडत नाही. इथे शाकाहारी वाचकांना एक सांगून ठेवतो. कोशर म्हणजे शाकाहारी, असा समज आपल्याकडे पुष्कळ आहे आणि तो चुकीचा आहे. अंडं चालतं, कोशर माशाचं जिलेटीनही चालू शकतं. हवं तर व्हीगन असं वेगळं लिहिलेलं पाहा.

आता मेवुशाल. चवीच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा फाटा इथेच फुटतो. मेवुशाल म्हणजे शिजवलेली. शिजवलेली वाइन देवापुढे ओतायच्या लायकीची राहत नाही, म्हणून तिला हातांचा नियम लागत नाही. एकदा मेवुशाल झाली की कोणीही उघडा, कोणीही ओता. हॉटेलांत, लग्नात, जिथे वाढपी कोण असेल सांगता येत नाही तिथे म्हणूनच ती लागते.

पूर्वी खरंच उकळत. आता प्लेट हीट एक्स्चेंजरमधून वाइन जाते: साधारण ८० ते ९० अंश, काही सेकंद ते मिनिटभर, आणि लगेच गार. किती अंश पुरे, यावर रब्बींचे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचे, मतभेद आहेत. अमेरिकेत रब्बी मोशे फाइन्स्टाइन यांचा १७५ फॅरनहाइटचा, म्हणजे सुमारे ८० सेल्सियसचा निर्वाळा बराच मानला जातो. काहींचं म्हणणं याच्या उलट: चवीत फरक कळतच नसेल तर तिला शिजवलेली म्हणायची तरी कशी? म्हणजे तंत्र जितकं सुधारावं तितकी धर्मशास्त्राला शंका वाढते. वाद मोठा रंजक आहे, पण बाटली विकत घेणाऱ्याला त्याचा त्रास नाही. तिच्यावर कोणाचं प्रमाणपत्र आहे एवढं पाहिलं की झालं.

ताजी जांभळं चोळून काढलेला रस आणि उकळून बाटलीत भरलेलं जांभळाचं सरबत शेजारी ठेवा, फरक तोच. तयार वाइन तापवली की फळांचे नाजूक वास देणारी एस्टर्स लवकर मोडतात, ताजेपणा जाऊन सुकलेल्या आलुबुखाराची, मुरांब्याची चव येते. तापवण्याआधी वाइनमध्ये विरघळलेला ऑक्सिजन काढला नसेल तर नुकसान दुप्पट, कारण उष्णतेत ऑक्सिडेशन वेगानं होतं. म्हणून हुशार वाइनमेकर आंबण्याआधीच तापवतात. एस्टर्स तयार होतात आंबताना, तेव्हा रस तापवल्यानं त्यांचं काही जात नाही. फ्लॅश देताँत या पद्धतीत तर चेचलेली द्राक्षं ८५ अंशांच्या आसपास नेऊन एकदम निर्वात टाकीत सोडतात. सालीच्या पेशी फुटतात, रंग धो-धो उतरतो आणि अर्धकच्च्या काबेर्नेचा ढोबळ्या मिरचीसारखा वास वाफेबरोबर निघून जातो. सडक्या दाण्यांमुळे येणारं लॅकेझ हे रंग खाणारं एन्झाइमही मरतं. किंमत ही की द्राक्षातली चांगली एन्झाइम्सही मरतात, रस गढूळ राहतो, बाहेरून रस नितळ करणारं पेक्टिनेज आणि यीस्ट द्यावंच लागतं. आणि सगळ्या बागांचा माल थोडाफार एकाच वळणावर जातो: गडद, मऊ, जॅमसारखा.

माझं मत विचाराल तर वर्ष-दोन वर्षांत प्यायची, मधल्या किमतीची लाल वाइन मेवुशाल असली म्हणून नाक मुरडू नये. डोळे झाकून दिली तर भल्याभल्यांना ओळखता येत नाही. पण बाग, वर्ष, वेलींचं वय यांचे पैसे मोजणार असाल, किंवा ५-७ वर्षं ठेवणार असाल, तर नॉन-मेवुशालच घ्या. पेराख हाआबिब तशी आहे.

इस्रायलची बाटली निवडणार असाल तर तिला आणखी नियम असतात, भूमीचे. वेलीची पहिल्या ३ वर्षांची फळं घ्यायची नाहीत (हा नियम खरं तर इस्रायलबाहेरही लागतो). प्रत्येक टाकीतून १ टक्क्याहून थोडी जास्त वाइन दान म्हणून बाजूला काढून ओतून द्यायची. दर सातव्या वर्षी जमिनीला विश्रांती. २०१५ आणि २०२२ च्या सुगीची द्राक्षं तशा वर्षातली, पुढची २०२९. त्या वर्षाच्या फळाला पावित्र्य मानतात, वाया घालवत नाहीत. सेदरच्या, म्हणजे पेसाखच्या पहिल्या जेवणाच्या, रात्री १० संकटांची नावं घेताना थेंब सांडायचा रिवाज आहे, तिथेही काही घरांत ही वाइन वापरत नाहीत. भेट देणाऱ्यानं सोपा मार्ग धरावा आणि ही वर्षं सोडून बाटली घ्यावी. बाकी दर्जाची शंका नको. १९८३ मध्ये कात्स्रीनला गोलान हाइट्स वायनरी निघाल्यापासून कोरडी कोशर वाइन जगाच्या बाजारात मान वर करून उभी आहे.

हे सगळं मराठीला अगदी परकं नाही. कोकणातल्या बेने इस्रायली या मराठी ज्यूंच्या घरांत, म्हणजे आपल्या शनिवार तेल्यांकडे, कोशर वाइन मिळत नव्हती तेव्हा किद्दुश काळ्या मनुकांच्या सरबतावर होई आणि अजूनही होतो. मनुकांचं पाणी धर्मशास्त्राला मान्य आहे, अट एवढीच की मनुका खडखडीत सुकलेल्या नसाव्यात, भिजवण्याआधी दाबल्या तरी ओल सुटावी. पाव किलो मनुका कोमट पाण्यानं नीट धुवायच्या, कारण वाळवताना त्यांना तेलकट द्रावण लावलेलं असतं. पाऊण लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी हातानं कुस्करून फडक्यातून पिळायच्या. मिक्सर नको, बिया दळल्या की कडवट होतं. मुंबईच्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलं तर दुसऱ्या दिवशी फेस धरायला लागतं, म्हणून फ्रीजमध्ये.

आता तुमच्या शुक्रवारकडे. जेवणाआधी यजमान पेला हातात घेऊन किद्दुश म्हणतील. पेल्यात किमान ८६ मिलिलिटर, कडक मोजमाप पाळणाऱ्या घरी दीडशेच्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग प्यावा लागतो, तोही रिकाम्या पोटी. १५ टक्क्यांची वाइन तेव्हा जड जाते, पोरांना तर देताच येत नाही. गोड, हलकी बाटली टिकून आहे ती यासाठी. ती यजमानांकडे असेलच, म्हणून तुम्ही जेवणाची वाइन न्या.

तुम्ही ज्यू नसाल तर टेबलावर नॉन-मेवुशाल बाटली उघडी असताना तुम्ही ती उचलून कोणाच्या ग्लासात ओतू नका. अगत्य म्हणून केलंत तरी बाटलीतली उरलेली वाइन त्यांच्या उपयोगाची राहणार नाही, आणि संकोचामुळे ते बोलणारही नाहीत. त्यांनी ओतलेला तुमचा ग्लास तुमचा, तो खुशाल प्या. काही कुटुंबं बाहेरचे पाहुणे असले की हा अवघडलेपणा टाळायला मुद्दाम मेवुशालच उघडतात. म्हणून आधी सरळ विचारावं: ‘तुमच्याकडे मेवुशाल बरी, की कुठलीही?’ या प्रश्नाचा कोणी राग मानत नाही, उलट बरं वाटतं. विचारणं जमलं नाही तर चांगली मेवुशाल घ्या.

मांसाचं जेवण असेल, ब्रिस्केट (गाईबैलाच्या छातीचं मांस) किंवा भाजलेली कोंबडी, तर काप्सानेससारखी वाइन चोख बसते. टॅनिनला चरबी लागते. सोबत चीज नेऊ नका, मांसाबरोबर ते चालणार नाही. तीच वाइन घरी काळ्या मसाल्याच्या मटणाला लावणार असाल तर तिखट बेताचं ठेवा. लवंग-खोबऱ्याशी गार्नाचाची मैत्री आहे, पण मिरचीचा जाळ आणि १५ टक्के अल्कोहोल एकमेकांना भडकवतात. नारळाच्या दुधातलं बेने इस्रायली मटण अधिक जुळतं. दूध-दही मांसात चालत नाही म्हणून तिथे नारळ आलेला आहे. वाइन १६-१७ अंशांवर हवी. गरम खोलीतून काढलेली बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली की पुरे, आणि ओतण्याआधी तासभर उघडी.

बाटली घेताना पाठीमागचं लेबल वाचा. काप्सानेसची सोसायटी साधी वाइनही करते आणि नावावरून गोंधळ होऊ शकतो. हिब्रू अक्षरं आणि प्रमाणपत्राची खूण, उदाहरणार्थ वर्तुळातलं इंग्रजी यू हे अक्षर, दोन्ही पाहून घ्या. पेसाखच्या आसपास जात असाल तर ‘पेसाखसाठी कोशर’ असंही लिहिलेलं हवं. बाटली उघडून, चाखून नेऊ नका, सीलबंदच द्या. शुक्रवारी मेणबत्त्या बहुतेक घरांत सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लागतात, तेव्हा ती त्याच्या आधी त्यांच्या हातात पडू द्या. दुपारीच देऊन आलात तर उत्तम.